बाप शिकायला बसला तेव्हा

नवापूरच्या एका दवाखान्यात तान्ही मुलं सांभाळायला शिकवणारा वर्ग निघाला, तेव्हा मी लोणखेड्याला माहेरी राहत होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला होता. मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे शेतकऱ्याघरची विधवा नोकरीचं शिक्षण घ्यायला परगावी जाते, हे तेव्हा कुणी ऐकलेलंही नव्हतं. पण माझा थोरला भाऊ शाळेत मास्तर होता. त्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू जाशी का?" मी मान हलवली. आई रडली, पण अडवलं नाही.

वर्गातल्या बाकीच्या बायका डोंगराकडच्या ख्रिस्ती शेतकरी घरांतल्या. त्या आपसांत तिथल्या आदिवासींची कोकणी बोलायच्या, मी अहिराणी, आणि आम्हाला शिकवणाऱ्या मोठ्या नर्सबाई शुद्ध मराठी. सुरुवातीला आम्ही खुणांवरच काम भागवलं. कापडाची बाहुली घंगाळात न्हाऊ घालायची, शेळीचं दूध पाणी घालून उकळायचं, दूध पाजायचं बोंडलं उकळून घ्यायचं आणि त्याची चोच बाळाच्या ओठांना अलगद लावायची. बाहुली काही रडत नव्हती, त्यामुळे मला वाटलं, आलं की सगळं.

मग एक दिवस डोंगरातला एक माणूस धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन आला. बायको बाळंतपणात गेली होती. दवाखान्याची रीत अशी, की आई नसलेलं मूल चालायला लागेपर्यंत आमच्याकडे ठेवायचं आणि बापानं घरी जायचं. हा गेलाच नाही. मुलगी आमच्या हाती दिली आणि समोरच्या चिंचेखाली बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाला, "पोर मन्ही शे. माले शिकाडा. मीच दूध पाजसू."

बाई त्याला आत घेऊन आल्या. वर्गातल्या बायकांनी पदर ओढून तोंडं फिरवली. एकजण म्हणाली, "बाई, पुरुषमाणसासमोर आम्ही काय शिकायचं?"

"पोर त्याची आहे ना?" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "या तर तोंड फिरवून बसल्या. त्याची अहिराणी तुला कळते. तूच शिकव. त्याला जमलं, म्हणजे तुला आलं असं मी धरेन."

नवरा गेल्यापासून परक्या पुरुषाशी मी एक शब्द बोलले नव्हते. पण मुलगी भुकेनं कळवळत होती. मी बोंडलं त्याच्या हातात दिलं. त्याचे हात कुऱ्हाडीनं घट्टे पडलेले. पहिल्यांदा दूध भसकन गेलं, मुलीला ठसका लागला. तो इतका घाबरला की बोंडलं खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, "मन्हा हातखालेबी बाहुली कितीकदा बुडनी. धर परत." तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

हळूहळू त्याला जमलं. मग त्यानं मला विचारलं, "मी वावरात गऊ तं चूल कोन पेटाडी? पानी कोन उकळी?" मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "इथं बसून कसं कळणार? चला, त्याचं घर पाहू."

बैलगाडी पायथ्याशी सोडून, मुलीला घेऊन आम्ही चढून गेलो. त्याच्या झोपडीत त्याची आई होती, डोळ्यांनी अधू. शेजारच्या झोपडीत एक लेकुरवाळी बाई. तिच्या चुलीवर दिवसभर काही ना काही शिजत असायचं. आम्ही तिच्याशी बोललो, वर्गातली एक कोकणी बोलणारी मुलगी बरोबर आली होती, तिनं समजावून सांगितलं. पाणी ती उकळून देणार, बाप कामाला गेला की म्हातारी मांडीवर घेणार. म्हातारीच्या हाती बोंडलं दिलं, तर तिनं चाचपत नातीचे ओठ शोधले आणि एक थेंब न सांडता पाजलं. बाईंनी मुलीला घरी ठेवायला तिथंच होकार दिला.

आठवड्याभरानं मुलगी घरी गेली. आम्ही पाळीपाळीनं बघायला जायचो. एकदा जुलाब लागले, दोन दिवस आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण ती त्यातून उठली. त्यानंतर बाईंनी नेम केला, की वर्गातल्या प्रत्येकीनं आधी मुलाचं घर बघायचं आणि घरातल्या कुणाला तरी शिकवायचं, मग तो बाप असला तरी. मला पास झाल्याचा कागद मिळाला आणि तिथंच नोकरीही.

पुढच्या वर्षी नवापूरच्या बाजारात तो भेटला. मुलगी त्याच्या खांद्यावर, हातात गुळाचा खडा. मी मोठ्या कौतुकानं तिला घ्यायला हात पुढे केले. तिनं माझ्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं, भोकाड पसरलं आणि बापाच्या मानेला घट्ट मिठी मारली. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "वळखत नही ती तुमले."

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं होतं.