साकव कुठं घालायचा

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. पेठ वडगावच्या पलीकडच्या एका खेड्यात माझी शिक्षिका म्हणून नेमणूक झाली. मी कोल्हापुरात वाढलेली, वडील कचेरीत नोकरीला. आमच्या घरी राजकारण वर्तमानपत्रापुरतंच असायचं. या गावात मात्र ते चहाच्या कपापर्यंत पोचलं होतं. सरकारपक्षाची माणसं एका हॉटेलात बसायची, चळवळीतली दुसऱ्या. न्हावी दोन, भजनी मंडळं दोन. एका बाजूच्या घरात लग्न निघालं, की दुसऱ्या बाजूला नेमकी त्याच दिवशी मळणी असायची.

दोन्ही बाजूंचे पुढारी एकमेकांचे सख्खे साडू. मुंबई-बेळगाववरून त्यांचं बिनसलं ते बोलणंच बंद झालं. पंचायतीत दोघंही निवडून आले होते. सभेत काय ठरलं ते लिहून ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून पंचायतीनं मला बोलावलं आणि नेमकं दोघांच्या मध्ये बसवलं.

“बाई, त्यांस्नी सांगा, दिवाबत्तीचं आदी घ्या,” उजवीकडचे, सरकारपक्षाचे, म्हणाले. हाताच्या अंतरावर बसलेले डावीकडचे, चळवळीचे, माझ्याकडं बघून म्हणाले, “बाई, त्यांस्नी म्हणावं, आदी साकव.” पहिल्या दिवशी मी खरंच निरोप पोचवले आणि सगळी चावडी हसली. नुसती मान हलवली तरी पुरतं, हे मला पुढं कळलं.

शाळा ओढ्याच्या पलीकडं. पाणी चढलं की निम्मी मुलं घरी बसायची. पायी जाण्यापुरता छोटा पूल, म्हणजे साकव, घातला असता तर प्रश्न मिटला असता. पण एकाला तो तालमीपाशी हवा होता, दुसऱ्याला देवळापाशी, कारण ज्याची त्याची आळी तिथं होती. सभा व्हायची, आवाज चढायचे आणि विषय पुढं ढकलला जायचा.

पावसाळा सरताना तालुक्याचे एक साहेब आले. शांत, समजूतदार माणूस. ते म्हणाले, तुमचं एकमत होत नसेल तर तसा ठराव करा आणि जागा ठरवायचं आमच्यावर सोपवा, साकव आम्ही बांधून देऊ. मला ते पटलं. ठराव लिहायला मी कागद पुढं ओढलासुद्धा.

साहेब सरकारचे, तेव्हा उजवीकडचे पुढारी लगेच हो म्हणतील असा माझा अंदाज होता. त्यांनी मान वळवली आणि मला ओलांडून थेट साडूला विचारलं, “द्यायचं काय रं ह्यांच्या हातात?”

“न्हाय,” डावीकडचे म्हणाले. “भांडू की. पर हितंच भांडू.”

पंचायतीत एक विधवा बाई होत्या, स्वतःची शेती स्वतः करणाऱ्या. त्या उठल्या. तालीमबी नको, देऊळबी नको, म्हणाल्या. बायका धुणं घेऊन जिथं उतरतात, तिथनंच पोरं ओढा ओलांडतात, तिथं घाला. बहुतेक हात वर झाले. काही झाले नाहीत, एकजण तर उठून गेला. साहेबांसाठी दोन्ही हॉटेलांतून चहा आला आणि त्यांनी दोन्ही कप बिनतक्रार संपवले.

मला राहवेना. बाहेर पडताना मी चळवळीच्या पुढाऱ्यांना विचारलं, एरवी तुम्ही त्यांचं तोंड बघत नाही, मग आज हे कसं जमलं?

ते चालता चालता थांबले. “बाई, मुंबई कुणाची ते दिल्लीत ठरनार. मी हितं बोंबलनार, साडूबी बोंबलनार. वढ्याचं तसं न्हाय. जागा चुकली तर माझीच सून पान्यात पडनार की.”

पुढच्या पावसाळ्याआधी साकव झाला. दगड दोन्ही आळ्यांनी वाहिले, फक्त एकांनी सकाळी आणि दुसऱ्यांनी दुपारनंतर. निवडणूक आली तेव्हा त्याच माणसांनी एकमेकांचे झेंडे फाडले. साडूंचं बोलणं सभेपुरतंच राहिलं.

त्या सभेनंतरच्या दिवाळीत मी घरी आले, तेव्हा वडिलांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, हात वर करणाऱ्यांत सरकारपक्षाचे किती आणि चळवळीचे किती? मी एकेक चेहरा आठवू लागले. त्या जागेला हो म्हणणारे आठवत होते, नाही म्हणणारेही आठवत होते, पण दोन्हीकडं दोन्ही पक्षांची माणसं होती, पक्षाप्रमाणं त्यांची वाटणी काही केल्या होईना. वडिलांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

“मग ठरलं कसं?” त्यांनी विचारलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.