पारुबाईचं कोरडं नाक

पारुबाईचं नाक आधी बंद होतं. ऑपरेशननं ते उघडलं, आणि असं उघडलं की आत ओलावा म्हणून उरला नाही. नुसत्या खपल्या. श्वास आत जातोय की नाही तेच कळेना. तोंड उघडं टाकून झोपावं, तर सकाळी जीभ टाळूला चिकटलेली. डॉक्टरांनी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं, शेजारणीनं तूप सोडायला. तिनं दोन्ही केलं. वासाचं तर नावच सोडा. तिच्या चुलीवरचं दूध करपलं की आधी शेजारणीला कळायचं.

नवरा भावसिंग म्हणायचा, "बंद होतं तवा रडत होतीस. आता मोकळं केलं तरी रडूनच राहिली. काहून?"

"रडत न्हाई मी. तकलीफ सांगून राहिले."

हे नाक आता जन्मात ओलं होत नाही, अशी धास्ती तिनं घेतली होती. आणि घरच्या माणसाला ते खरंच वाटत नाही, याचा संताप त्याहून मोठा होता.

ऑपरेशनच्या वेळी तिच्या नाकातली सोन्याची भुरिया काढली होती. तांड्यातल्या जुन्या बायका ती नवऱ्याच्या नावानं घालतात आणि नवरा गेला की उतरवतात. खपल्यांमुळं पारुबाईला ती परत घालवेना. तांड्याला कारण ठाऊक होतं. बाहेर कोण कुणाला सांगत बसतो?

नांदेडला डॉक्टरांना दाखवून येताना दोघं वारंगा फाट्यावर उतरली. भावसिंग चहा आणायला गेला. तेवढ्यात समोरच्या जीपमधून तिची मावसबहीण जिवनबाई उतरली. बऱ्याच वर्षांनी भेटत होती. तिनं पारुबाईचं रिकामं नाक पाहिलं, पिशवी खाली टाकली आणि गळ्यातच पडली.

"याडी ये! आई गं! असे कसे गेले गं माझे दाजी!"

आता रीत अशी, की बाई गळ्यात पडून रडायला लागली की आधी आपणही रडायचं, विचारपूस मागून. पारुबाई रीतीची पक्की. तिनं सूर लावला. जिवनबाई दाजींचे गुण गाऊ लागली. बैलाला कधी चाबूक मारला नाही, बायकोला कधी उपाशी झोपू दिलं नाही. पारुबाईला दवाखान्यात तिच्या खाटेखाली फरशीवर झोपलेला भावसिंग आठवला. हा माणूस खरंच गेला तर? मग रीतीबितीचं काही राहिलं नाही. ती ढसाढसा रडली. डोळ्यांचं पाणी नाकात उतरलं, खपल्या भिजल्या, गार हवा आत लागली. हवेबरोबर चहातल्या आल्याचा वास आला.

"चहा थंड होऊन राहिला," भावसिंग दोन कप घेऊन मागं उभा होता. "कोण गेलं?"

"तुमी," पारुबाई पदरानं नाक पुसत म्हणाली.

जिवनबाईनं किंकाळी फोडली. मग भावसिंगनं आपला कप तिला दिला आणि बायकोच्या नाकाकडं निरखून पाहिलं.

"व्हय गं. ओलं झालं की."

"आन् वास बी आला. आलं घातलंय."

"म्हणजे इतके दिवस खरंच येत नव्हता?"

पारुबाई चहा प्याली.

नाक काही तेवढ्यानं बरं झालं नाही. तांड्यावर पोचेस्तोवर पुन्हा कोरडं. पण आता ती मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात बसली, की भावसिंग हातातलं काम टाकून जवळ येतो.

"लई सुकलं का? मरू का थोडं?"

"राहू द्या," ती म्हणते. "मीठ हाय अजून घरात."