पाणी पिणारी वाकळ

भूतखेत, बाहेरचं असलं काही मी आजवर मानलेलं नाही. खरं सांगायचं तर मानायला वेळही नाही. घर, डेअरीतली नोकरी आणि नवऱ्याचा दमा... यातच जीव मेटाकुटीला येतो. तरी लिहितेय, कारण हे मनात ठेवूनही आता थकले.

कोल्हापुरात, शाहूपुरीच्या एका गल्लीत आमचं घर. पुढच्या खोल्या सिमेंटच्या, मागची एक मातीच्या भिंतींची. पावसाळ्यात पुढे फरशीला घाम फुटतो, मिठाला पाणी सुटतं. मागे मात्र उघडा पापडसुद्धा कुरकुरीत राहायचा. सासूबाई चंदगडकडच्या, त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो. दर उन्हाळ्यात त्या ती खोली माती-शेणानं लिंपायच्या. म्हणायच्या, "भिंत पाणी पिती गं. पावसात पिती, उन्हात सोडती. माझ्या लेकाचा श्वास तिच्या जिवावर चाललाय." खरंच, हे तिथं झोपले की धाप लागत नसे.

आत्ती गेल्या. पुढे पुतणीच्या साखरपुड्याआधी दिरांनी त्या भिंतींना चकचकीत ऑइल पेंट मारून घेतला. "पावणं येणार, मातीच्या भिंती काय दाखवायच्या?" झालं! भिंतीचं तोंडच बंद झालं. त्या पावसाळ्यात खोलीभर बुरशी, आणि हे दवाखान्यात. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, खोली कोरडी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी जिवावर बेतेल. रंग खरवडून लिंपायचं तर ऊन हवं, आणि आमच्याकडे आषाढात ऊन कुठलं!

मग एका सकाळी त्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवलेली आत्तींची वाकळ — जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, त्यांनीच शिवलेली — हाताला चिंब लागली. वर गळती नव्हती. पिळली तर बादली भरली. खोली मात्र कोरडी! यांचा श्वासही मोकळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच.

दीर म्हणाले, "कापड ओल ओढतंयच की वहिनी!" ओढतं, मान्य. पण बादलीभर?

वाकळ एकट्यानं पिळायची वस्तू नव्हे. पूर्वी एक टोक आत्तींकडे असायचं, एक माझ्याकडे. यांना जड उचलायची बंदी, म्हणून मी एक टोक नळाला बांधून पिळायचे. मनगटं पार गेली. एके दिवशी बांधायचंही त्राण उरलं नाही. न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून रडले. "आत्ती, आता मला जमत न्हाय बघा."

थोड्या वेळानं उठले आणि हातातल्या टोकाला सवयीनं पीळ दिला. दुसरं टोक फरशीवर पडलं होतं... ते वर उचललं गेलं. ताणलं गेलं. तिकडून उलटा पीळ बसला आणि पाणी धो धो गळलं. न्हाणीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर रंग खरवडून भिंती लिंपल्या. तेव्हापासून वाकळ कोरडी आहे. कसं, काय, मला विचारू नका. मलाच कळलेलं नाही. त्या दिवशी खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण मनात आधी एवढंच आलं — बरं झालं बाई, कुणीतरी धरलं.