मान कोणाची

जुन्या इलेक्ट्रिक गिटारीचं वय मी सांगते, असं जळगावात कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "गिटारीची काय जन्मपत्रिका असते का?" सोनं पारखणाऱ्यांच्या गावात लाकूड आणि तारा पारखणारी बाई म्हणजे चेष्टेचा विषय. चेष्टेला माझी ना नाही. माझं निदान खोटं ठरवलं की मात्र माझं डोकं फिरतं.

आबा चोपड्याहून आले ते केळीच्या घडाला घालतात तसल्या निळ्या पिशवीत गिटार गुंडाळून. केळीचे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी ते आणि धुळ्याचे नाना एका ऑर्केस्ट्रात होते. नाना पट्टी सांगून गात, आबा त्याच पट्टीत गिटार वाजवत. गिटार जपानी बनावटीची, सगळ्यांनी मिळून मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली. ऑर्केस्ट्रा मोडला आणि गिटार आबांकडे राहिली. पुढे नानांनी कुठल्याशा रंगीत कॅटलॉगात तसलीच गिटार पाहिली. चित्रातल्या गिटारीच्या डोक्याचा आकार वेगळा होता. झालं! धुळ्याच्या एका लग्नात, भर मांडवात, नाना आबांना म्हणाले, "इन्ही मान बदलेल शे. असली मान तू इकी टाकी."

गिटारीच्या लांब दांड्याला, टोकाच्या डोक्यासकट, आमच्याकडे मानच म्हणतात. ती विकून टाकल्याचा आळ आला, आणि आबांनी त्या दिवसापासून गिटार माळ्यावर टाकली आणि धुळ्याच्या लग्नांना जाणं सोडलं. माझ्यासमोर बसून ते एवढंच म्हणाले, "गिटारनी मान ऱ्हाऊ दे माय, मना मान गया."

मी गिटार उजेडात धरली आणि माझ्याही मनात पाल चुकचुकली. डोक्याचा आकार जुन्या सालचा, आवाज पकडणारे पिकअप त्यानंतरच्या सालचे, आणि बटणं तिसऱ्याच मॉडेलची. अशी खिचडी पाहिली की कोणीही म्हणेल, कोणीतरी हात मारलाय. पण स्क्रू काढण्याआधी मी आबांना सांगितलं, "ज्यांनी आळ घेतला त्यांच्यासमोरच उघडणार." आणि नानांना फोन लावला. ते म्हणाले, "येतो की. मले काय भ्याव शे?"

पुढच्या रविवारी दोघं माझ्या दुकानात दोन दिशांना तोंडं करून बसले. नानांनी कॅटलॉगही आणला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून.

मी म्हटलं, "नाना, नवं वर्ष लागलं म्हणून कारखाना जुना माल फेकून देत नाही. तुम्ही शेतात ठिबक टाकता तेव्हा मागच्या वर्षी उरलेली नळी आणि यंदाचे ड्रिपर एकत्र जोडता ना? मग ते शेत काय चोरीचं ठरतं? गिटारीचं वय तिच्यातल्या सगळ्यात नव्या मूळ भागावरून धरायचं. बाकीचे भाग उरलेल्या मालातले असू शकतात."

"मूळ शे हाई कशावरून?" नाना म्हणाले. प्रश्न रास्त होता, म्हणून मला जास्तच राग आला.

आधी आतल्या वायरिंगवरचं झाकण काढलं. वायरींच्या जोडांना कथलाचा डाग देण्याची पद्धत सगळीकडे एकाच हाताची, कुठेही दुसऱ्यांदा सोल्डरची इस्त्री लागलेली नाही. मानेच्या मुळाशी चार स्क्रू आणि चारच भोकं. नाना लगेच म्हणाले, "जुन्या भोकांत नवी मान बसवता येस." हेही खरंच होतं. आबांनी खाली पाहिलं. मी स्क्रू काढले आणि मान हळूच वर उचलली.

मान बसते त्या खाचेत, जिथे लाकडावर पॉलिश नसतं, तिथे एक तपकिरी, जवळजवळ काळा ओघळ होता. तसाच मानेच्या बुडाला.

जळगाव जिल्ह्यात तो डाग कोणाला शिकवावा लागत नाही. केळीचा चीक. शर्टावर पडला तर शर्ट गेला म्हणून समजा. पॉलिशवरून तो पुसला गेला असणार, पण फटीत उतरलेला चीक कोऱ्या लाकडानं पिऊन टाकला होता.

नाना खुर्चीवरून उठले. त्यांनी मान हातात घेतली, खिडकीशी नेली, परत आणली. चोपड्याला ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम एका लग्नाच्या मांडवात झाला होता, आणि मंचाला ताज्या तोडलेल्या केळीचे खांब होते. एक खांब कलला आणि गिटारीवर चिकाची धार लागली, हे दोघांनाही आठवत होतं. नाना हळूच म्हणाले, "तो खांब मीच बांधेल व्हता."

मी मान खाचेत बसवून दाखवली. मानेवरचा ओघळ आणि खाचेतला ओघळ एकमेकांना असे भेटले की मध्ये केसाचंही अंतर नाही. "ही मान नंतर आणली," मी मोठ्यानं विचारलं, "तर पहिल्या कार्यक्रमाचा चीक हिच्यावर आला कुठून?" शेजारच्या गॅरेजवाल्यानंसुद्धा वाकून पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली आणि चारही स्क्रू खाली सांडले.

"मनं चुकनं," नाना म्हणाले.

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "हाऊ चार लोकस्मा बोलना व्हता." आळ भर मांडवात घेतला होता आणि कबुली माझ्या दुकानात. मी मान परत कसून दिल्यावर ते गिटारीची पिशवी उचलून एसटी स्टँडकडे गेले.

त्याच लग्नसराईत नानांच्या घरी, धुळ्याला, लग्न निघालं. आमंत्रण घेऊन नाना स्वतः चोपड्याला गेले, आणि आबा आले. गिटारही आली, आणि मीही. जेवणावळी चालू असताना नानांनी माइक घेतला आणि सगळ्यांचं बोलणं थांबेपर्यंत थांबले. म्हणाले, "बठ्ठा ऐका. याच गावमा मी मना भाऊवर आळ लिन्हा व्हता. गिटारनी मान तीच शे. खोटा मी व्हतू."

आबा उठले, ताठ चालत मंचावर गेले आणि वायर जोडली. इतक्या वर्षांनी नानांशी ते पहिल्यांदा बोलले.

"पट्टी कोनती?"