दुधाच्या टेम्पोतलं पिठलं

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. तव्याच्या पाठीला काजळी धरावी तसे ते धरतात. रोज दिसत नाहीत, आणि एक दिवस सहज हात लागला की बोटं काळी!

माझी बायको शैला, तिला जाऊन आता दुसरं वर्ष सरत आलं. चौसाळ्याच्या बाजारात ओळखीचे लोक भेटतात. तिच्याबद्दल सरळ कुणी बोलत नाही. "सेक्रेटरी, गाडीचा एखादा किस्सा सांगा की," म्हणतात. मग मी सांगतो. त्यांचीही सोय होते, माझीही.

आधी गाडी कुठली ते सांगतो. आमच्या गावात दूध संस्था आहे. मी तिचा सेक्रेटरी, नाना चेअरमन. दुष्काळ पडला, जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि संस्थेचा टेम्पो रिकामा उभा राहिला. शैला म्हणाली, "पुण्यात म्हणे फूड ट्रकचं फॅड आलंय. आपला ट्रक तर दारात उभाच आहे. फूड तेवढं घालू!"

बचत गटातल्या रुक्मिणकाकूंना घेऊन तिनं टेम्पोत शेगडी बसवली आणि हायवेच्या फाट्यावर पिठलं-भाकरी सुरू केली. नानांनी एकच अट घातली. पाऊस होऊन दूध सुरू झालं की टेम्पो परत.

"पाऊस तर पडलाच पाहिजे, नाना," शैला म्हणाली. "पण गाडीही राहिली पाहिजे."

"दोन्ही कसं जमंल, वहिनी?"

"बघू."

लग्नानंतर शैलानं स्वतःचं म्हणून सुरू केलेलं हे पहिलंच काही होतं. त्यामुळे गाव आभाळाकडे बघायचं तेव्हा आशेनं बघायचं. शैलाही बघायची, पण तिला दोन गोष्टी एकदम मागायच्या असायच्या.

*

टेम्पोवर मोठ्या निळ्या अक्षरांत 'दूध संकलन वाहन' असं लिहिलेलं होतं. पेंटर आला, डबा उघडून बसला. नानांनी त्याचा ब्रश धरला.

"संस्थेच्या गाडीवरची अक्षरं पुसायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो!"

सभा काही भरली नाही, पेंटर रंग घेऊन गेला. परळीच्या वीज केंद्राची राख नेणारा एक ट्रक ड्रायव्हर एकदा थांबला आणि अर्धा लिटर दूध मागू लागला.

"दूध न्हाई. पिठलं हाय," रुक्मिणकाकू म्हणाल्या.

"मग दूध लिवलंय कावून?"

"ते पाऊस पडल्यावरचं हाय!"

*

टेम्पो चालवायचा दगडू. आजवर त्यानं पहाटे प्रत्येक वस्तीवर हॉर्न देऊन दूध गोळा केलेलं. आता फाट्यावर जाताना थांबायचं काही कारण नव्हतं, पण हाताची सवय. वस्ती आली की हॉर्न वाजायचाच.

हॉर्न ऐकून एका वस्तीवरचे एक म्हातारबाबा रिकामी किटली घेऊन रोज रस्त्यावर यायचे. त्यांचीही सवयच. टेम्पो बघायचे, किटली बघायचे आणि परत जायचे. शैलानं चार दिवस हे पाहिलं. पाचव्या दिवशी तिनं किटली मागून घेतली आणि आमटीनं भरून दिली.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या सगळ्या किटल्या रस्त्यावर!

म्हातारबाबा छावणीत सांगत सुटले, "आधी आमी डेअरीला दूध घालत हुतो. आता डेअरीच आमाला आमटी घालती!"

*

पाणी टँकरचं. एकदा टँकर आलाच नाही. ताटं धुवायची कशानं? शैलानं ताटं बाजूला ठेवली, हातावर भाकरी दिली आणि भाकरीवरच पिठलं, ठेचा, कांदा.

नेमकी त्याच दिवशी पुण्याची कॅमेरेवाली पोरं आली. काय आनंद त्यांना! भाकरी उन्हात धरून फोटो, तिरपी धरून फोटो. "झीरो वेस्ट! खाता येणारी प्लेट!" त्यातल्या एका मुलीनं रुक्मिणकाकूंपुढे माईक धरला.

"काकू, ही कॉन्सेप्ट कुणाची?"

"टँकरवाल्याची," काकू म्हणाल्या. "त्यो आला न्हाई."

*

सहकारात माणूस एकदा मुरला की त्याला साधी शिंकसुद्धा सूचक-अनुमोदकाशिवाय येत नाही. आमच्या संचालकांनी सभा घेतली. विषय: ठेचा. तिखट लागला की गिऱ्हाईक जास्त पाणी पितं, आणि पाणी कुठं आहे? म्हणून मिरची निम्म्यावर आणावी. सूचक, अनुमोदक, एकमतानं मंजूर.

शैलानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन वाट्या मांडल्या. सभेत हात वर करणारे सगळे एकेक करून गाडीवर आले. प्रत्येकाला तिनं अगदी नम्रपणे विचारलं,

"ठरावातला देऊ, का खायचा?"

ठरावातली वाटी संध्याकाळी तशीच भरलेली घरी आली.

नाना मात्र त्या दिवशी आले नाहीत, कारण सोमवार होता. परळीच्या वैजनाथाचा त्यांचा उपास. काळ्या चहाशिवाय तोंडात काही नाही. सोमवारी ते गाडीच्या बाजूनं चालतसुद्धा नसत, रस्ता ओलांडून पलीकडून जात. "पिठल्याचा वास लागला तरी उपास मोडतो," म्हणत. थोरला मुलगा बोहल्यावर चढला त्या सोमवारीही नानांनी पंगतीत नुसतं वाढलं होतं, घास घेतला नव्हता.

*

फाट्याच्या पलीकडे एक फॅमिली गार्डन रेस्टॉरंट उघडलं. दुष्काळातलं गार्डन, म्हणून प्लास्टिकचं गवत अंथरलेलं. मालकानं शेजारधर्म म्हणून शैलाला आणि रुक्मिणकाकूंना जेवायला बोलावलं. मीही गेलो.

'मराठवाडा प्लॅटर' आलं. तांब्याच्या इवल्याशा कढईत पिठलं आणि भाकरीचा चतकोर.

"हे चाखायला दिलंय," काकू मला हळूच म्हणाल्या. "जेवण कवा येणार?"

शेवटी वेटरनं कोमट पाण्याच्या वाट्या ठेवल्या, वर लिंबाची फोड. आमच्या गाडीवर हात धुवायला माणशी एक पेला पाणी, तेही शैला स्वतः ओतायची. तिनं लिंबं काढली आणि तिन्ही वाट्यांतलं पाणी आपल्या बाटलीत भरून घेतलं.

"मॅडम, ते हात धुवायचं पाणी आहे," वेटर म्हणाला.

"म्हणूनच. आमचे हात पदराला पुसता येतात."

ते पाणी गाडीमागच्या कडुलिंबाच्या रोपाला गेलं. शैलानंच लावलेलं रोप, तेव्हा गुडघ्याएवढं होतं.

*

मग पाऊस झाला. जनावरं छावणीतून घरी आली, वस्त्यांवर किटल्या भरू लागल्या. नानांनी संचालकांची सभा लावली, ती गाडीवरच. टेम्पो परत घ्यायचा ठराव मी माझ्या हातानं लिहिला. शैलानं तो वाचला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.

"आधी खाऊन घ्या, नाना."

नाना जेवले. मी कागद पुढं केला. नानांचा एक नेम होता, संस्थेच्या कागदाला खरकटा हात लावायचा नाही.

"वहिनी, हातावर पाणी घाला."

"पाणी संपलं, नाना."

बाहेर भुरभुर चालू होती. टेम्पोच्या टपावरून पागोळ्या गळत होत्या. नानांनी वर पाहिलं.

"आवं वहिनी, पाऊस पडतोय की!"

"तो संस्थेचा. गाडीचं पाणी संपलंय."

नानांनी हात तसाच धरून कागदाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "सेक्रेटरी, खरकट्या हातानं सही कशी करावी? विषय फुडच्या सभेला घ्या."

पुढच्या सभेलाही पिठलं होतं. त्याच्या पुढच्याही. दूध भाड्याच्या पिकअपमधून जाऊ लागलं आणि शैलाची गाडी फाट्यावर राहिली.

*

ती गेल्यावर गाडी काही दिवस बंद होती. मग रुक्मिणकाकूंनी एकटीनं उघडली. संचालकांत कुजबुज सुरू झाली. वहिनी होत्या तोवर ठीक, आता संस्थेनं पिकअपचं भाडं कावून भरायचं? त्यांचं चूक नव्हतं. मलाही वाटलं, आता आपण कुणाच्या भिडेवर राहू नये. विषय मीच सभेपुढे ठेवला. जागा तीच ठेवली, फाटा.

सगळे बसले. काकू आत पाठमोऱ्या उभ्या होत्या, भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता. पाण्याची आता टंचाई नव्हती, पिंप काठोकाठ भरलेलं. मी एक पेला भरून नानांच्या शेजारी ठेवला, कागद मांडीवर सरळ केला आणि पेनाचं टोपण काढलं.

नानांनी कागद वाचला. खाली ठेवला.

"रुक्मिण, एक भाकर वाढ. पिठलं जास्त."

काकू गर्रकन वळल्या. "नाना! आज सोमवार हाय!"

"वाढ म्हन्लं ना."

काकूंनी वाढलं. नानांनी भाकरी मोडली, पिठल्यात चार बोटं बुडवली आणि सावकाश, मान खाली घालून जेवले. जेवण झाल्यावर मी पेला त्यांच्यापुढे सरकवला.

नाना उठले. डाव्या हातात पेला घेऊन गाडीमागं गेले आणि पाणी त्या कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतलं. लिंब आता त्यांच्या डोक्याच्या वर गेला आहे. परत आले आणि उजवा हात माझ्यापुढे धरला.

"हात खरकटा हाय, सेक्रेटरी. फुडच्या सभेला घ्या."