केळफुलाचं मंचुरियन

केळफुलाचं मंचुरियन करायचं तर अंगात थोडा राग असावा लागतो. नुसतं निवडण्यातच सकाळ जाते. प्रत्येक फुलातला ताठ दांडा उपटून फेकायचा, चिकाने बोटं काळी करून घ्यायची, मग ताकात बुडवलेली फुलं पिळून, बारीक चिरून, कॉर्नफ्लॉवरमध्ये मळून तळायची. लसूण मी सोलत बसत नाही. सुरीच्या पात्याखाली ठेवते आणि वरून बुक्की हाणते. तेव्हा कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे असतो, हे सांगायची गरज नाही, तरी सांगते. अप्पांचा, माझ्या वडिलांचा.

आमचे अप्पा मारकुटे. तमिळनाडूत, कुंभकोणमजवळच्या मेलकावेरीतल्या आमच्या गल्लीत त्यांना विठ्ठलाचे भक्त म्हणून मान आहे. शनिवारी भजनात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर लागतो आणि घरी आले की हातही तसाच लागतो. आमटी अळणी झाली म्हणून त्यांनी आईच्या अंगावर ताट भिरकावलेलं मी पाहिलंय. सातवीत असताना मी उलट बोलले, तेव्हा त्यांनी माझ्या कानाखाली असा जाळ काढला की तो कान अजून अधूनमधून ठणकतो. बाहेर तमिळमध्ये त्यांनी कोणाला साधं अरेसुद्धा म्हटलेलं नाही. ओरडणं, शिव्या, मार, सगळं घरच्या मराठीत.

गेल्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली आणि तंजावूरला तिची इंजेक्शनं सुरू झाली. मी चेन्नईची नोकरी घरून करायची परवानगी काढली आणि इथे येऊन राहिले. इंजेक्शनांनी तिच्या तोंडाची चव पार गेली. रसम मातीसारखं लागतं म्हणायची, दहीभात खडूसारखा. वजन उतरत चाललं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, याहून उतरलं तर पुढचं इंजेक्शन देता येणार नाही. तिला वाटेल ते द्या, पण घरचं द्या, आणि पोटात जाऊ द्या.

तिला काय वाटतं ते मला त्याच संध्याकाळी कळलं. कुंभकोणमच्या बसस्टँडजवळ आमची रिक्षा एका चायनीजच्या गाडीपाशी अडकली. मोठ्या आचेवर करपणाऱ्या लसणाचा आणि सोया सॉसचा वास आला. जन्मात जिने लसूण हाती धरला नव्हता, त्या माझ्या आईने मान बाहेर काढली.

"हें काय ग? हें खावंसं वाटतें मला."

मला रडूच आलं. मैदा तिला सोसत नव्हता, म्हणून नूडल्सच्या जागी आमच्याच तांदळाच्या शेवया घेतल्या, वाफवून, पितळी साच्यातून गरम गरम पाडलेल्या. त्या गार करून कढईत पातीचा कांदा, ठेचलेला लसूण, लाल मिरची आणि सोया सॉसवर परतल्या. सॉसची उग्र चव मोडायला चिंचेचा कोळ घातला. वरून केळफुलाचं मंचुरियन. चेन्नईच्या खोलीवर मैत्रिणींसाठी मी असले उद्योग पुष्कळ केले होते.

अडचण एकच होती. आई अप्पांच्या आधी जेवत नाही, आणि लसूण शिजलेल्या घरात अप्पा पाणी पीत नाहीत. पहिल्यांदा मी अप्पा बाहेर गेल्यावर केलं. आई ताटासमोर बसून राहिली. डोळे ताटावर, कान फाटकाकडे. "ते येऊं दे," एवढंच म्हणायची. शेवया गार होऊन गोळा झाल्या, अप्पांची चाहूल लागली आणि तिने स्वतःच उठून ताट मागच्या दारी नेऊन गाईच्या बादलीत रिकामं केलं. मला तिचाही इतका राग आला की मी भिंतीवर डोकं आपटलं.

मग मी ठरवलं, चोरून नाही करायचं. रविवारी अप्पांसाठी वेगळं सांबार, भात, भाजी करून झाकून ठेवलं. ते देवळातून आले की त्यांना आधी वाढायचं, ते जेवले की आईला गरम गरम द्यायचं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली होती. कढईतून धूर निघत होता, आणि ती तो वास ओढून घेत होती.

अप्पा दारातूनच गरजले. लसणाला आम्ही घरीही तमिळच शब्द वापरतो.

"पूंडु? विठोबाच्या घरांत पूंडु?"

"तुमचं जेवण वेगळं केलंय, अप्पा. हे आईसाठी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर गेला खड्ड्यांत!"

पहिली थोबाडीत माझ्या त्याच कानावर बसली. मग त्यांनी पंच्याने कढईचा कान धरला आणि ती उचलून फेकली. शेवया, मंचुरियन, सॉस, सगळं फरशीभर झालं. माझ्या पायावर उकळता सॉस उडाला, कातडी सोलल्यासारखी आग झाली. माझ्या हातात लोखंडी उलथनं होतं. मी ते त्यांच्या खांद्यावर हाणलं. मनगटावर हाणलं. तिसरा फटका तोंडावर बसला आणि त्यांचा ओठ फुटला. त्यांनी माझे केस धरून मला मांडणीवर ढकललं, तांब्या-पातेली खणाखणा खाली आली. मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं पोटात साठवलेलं बाहेर पडत होतं आणि मला थांबायचं नव्हतं.

फाटक वाजलं. शेजारीण तमिळमध्ये विचारत होती, काय झालं? अप्पांनी माझे केस सोडले, पंच्याने ओठ दाबला आणि गोड तमिळमध्ये उत्तर दिलं, काही नाही, भांडी पडली.

ती गेली. घर एकदम गप्प झालं आणि मला चावण्याचा आवाज आला.

आई उंबऱ्यातून सरपटत आत आली होती. फरशीवर बसून सांडलेल्या शेवया मुठीने गोळा करत होती आणि तोंडात कोंबत होती. हनुवटीवरून सॉस ओघळत होता. केळफुलाचा एक तुकडा मांडणीखाली घरंगळला होता, तोही तिने हात घालून काढला, फुंकला, खाल्ला. आमच्याकडे ती बघतही नव्हती.

"उठ," अप्पा म्हणाले. ती उठली नाही.

तिला हाताला धरून उठवावं, ताटात नीट वाढावं म्हणून मी भरभर तिच्याकडे गेले. उलथनं माझ्या हातातच होतं, हे माझ्या ध्यानात नव्हतं. ते तिला दिसलं. तिने डोळे घट्ट मिटले, डावा हात डोक्यावर आडवा धरला आणि उजव्या हाताने खातच राहिली.