अंथरुणातून रेडिओ उठवणारा इलारियो

काल चर्चमध्ये मिस्सा होती, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, त्यात पाद्रे अंसेल्मो म्हणाले, आमचा इलारियो वर्षानुवर्षं कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून गावासाठी रेडिओ लावायचा. पुढच्या बाकावरच्या बायका रडल्या. मी पण रडले, माझा भाऊ होता तो. पण रडता रडता हसू आलं, शाल तोंडात कोंबली. कारण पाद्रेंना पक्कं ठाऊक आहे आणि मला पण, की पहाटे उठायचा तो कॉम्प्युटर. इलारियो गोधडीत पडून त्याला उठवायचा.

तुम्ही गाव सोडून गेलेले सगळे लांब, कोणी कोचाबाम्बाला, कोणी ब्वेनोस आयरेसला. कोणीतरी तुम्हाला मिस्सेतलं कळवेल आणि तुम्ही त्याला संत समजून मेणबत्त्या लावाल. म्हणून मीच लिहिते.

खाणीतून आला तेव्हा त्याची छाती गेलेलीच होती. पहाटेची हवा लागली की खोकून खोकून निळा पडायचा. अर्धं कारण ते. अर्धं कारण आळस, हे मी बहीण म्हणून सांगते. दुसरं कुठलं काम त्याला झेपण्यासारखं नव्हतं, चर्चच्या रेडिओवरचा पहाटेचा कार्यक्रम तेवढा होता. त्यावर आम्ही दोघं जेवायचो.

त्याने काय केलं, आदल्या संध्याकाळी चर्चमधल्या रेडिओच्या केबिनमध्ये हीटर लावून बसायचा आणि उद्या पहाटेचं सगळं आजच बोलून ठेवायचा. डोंगरातल्या वाड्यांचे निरोप. अमक्याच्या बायकोने सांगितलंय मेंढा घेऊन ये, तमक्याची आई बरी आहे, काळजी नको. आणि मधे मधे वेळ. "पाच वाजून दहा मिनिटं झाली मित्रांनो, काय ही थंडी, बोटं वाकत नाहीत." असं म्हणून हातावर फुंकर मारायचा, फू फू, आणि आपीचा घोट घ्यायचा सुर्रकन, माईकजवळ कप नेऊन. आपी मात्र खरी असायची, जांभळा मका उकळून मीच करून द्यायचे.

मग चर्चमधून आमच्या घरापर्यंत छपरांवरून एक वायर ओढली. पाद्रेंना सांगितलं, "पाद्रेसितो, बिघाड झाला तर घरून बघता येईल." पाद्रे म्हणाले, "किती काळजी रे तुला!"

मला त्याने समजावलं होतं. कॉम्प्युटर झोपला तरी त्याचा एक कान जागा असतो. मागे वायर घुसते तिथे बारका हिरवा दिवा जळतो, तोच कान. फोनवरून त्याचं नाव सोळा वेळा एका दमात घ्यायचं, की उठतो आणि भरून ठेवलेलं वाजवायला लागतो. टेकडीवरचा रेडिओचा मनोरा पहाटे आपल्या घड्याळाने सुरू व्हायचा. या कॉम्प्युटरचं घड्याळ मात्र मनाला येईल तसं चालायचं, म्हणून ही हाक.

मी म्हटलं, "आई तुला साठ वेळा हाका मारायची, तू कुठे उठायचास?"

"आईने वायर कुठे लावली होती?"

असा होता. त्याची ती कोपऱ्यातली खाट अजून तशीच आहे. मी त्या बाजूला बघत नाही.

तर एका बाजाराच्या दिवशी हाक मारली आणि कॉम्प्युटर उठेना. पुन्हा मारली. पुन्हा. रेडिओवर नुसती खरखर. शेवटी इलारियो गोधडीसकट पळाला, एक चप्पल पायात, एक कुठे कोण जाणे. पोचून बटण दाबलं तेव्हा डोंगरावर ऊन आलं होतं. आणि तेवढ्यात याचाच आवाज गावभर, "पाच वाजून दहा मिनिटं, अजून अंधार आहे, सावकाश आवरा."

लोकांनी सावकाश आवरलं. बाजाराचा ट्रक कधीच गेला होता. बायका लोकरीची गाठोडी घेऊन चौकात उभ्या, आणि त्यांच्या तोंडाला काय कुलूप असतं का!

पाद्रेंना वाटलं हा झोपून राहिला आणि घड्याळ चुकीचं बघितलं. म्हणाले, "इलारियो, परत असं झालं तर माईक दोन्या कासिल्दाच्या जावयाला देईन." दोन्या कासिल्दा चर्चच्या ऑफिसात बसते, जन्माचे मृत्यूचे दाखले छापते. जावयाचं नाव ऐकून तिने तिथेच छातीवर क्रूसाची खूण केली, आभाराची.

आम्ही दोघं त्या कॉम्प्युटरमागे लागलो. आधी छपरावर चढून वायर बघितली, वाटलं मांजराने कुरतडली. धडधाकट होती. फोनमधलं नाव बघितलं, अक्षर न अक्षर बरोबर. मी म्हटलं, "कार्निव्हलच्या मंगळवारी सगळ्यांनी आपापल्या गाड्यांना, दुकानांना बिअर शिंपडली, रंगीत कागद लावले. तू याला काही केलंस? रुसलाय तो."

"नेमे," तो मला म्हणाला, "हे मशीन आहे."

"ट्रक काय बकरा आहे?"

 मग कॉम्प्युटर बंद केला आणि टेबलाखाली घुसून मागे बघत बसला. तिथून ओरडला, "दिवा विझला गं!" म्हणजे झालं होतं असं, की त्या आठवड्यात कॉम्प्युटरने स्वतःहूनच काहीतरी नवीन भरून घेतलं होतं. तेव्हापासून बंद केला की वीज वाचवायला तो कान पण बंद करायचा. मग कितीही बोंबला.

त्याने तोड काढली. पुरता बंद करायचाच नाही, नुसता झोपवायचा. झोपवला तर दिवा जळतोय. आत सेटिंगमध्ये दोन चौकोन होते. एक म्हणे, वायरवरून उठू दे. दुसरा, फक्त ठरलेल्या हाकेलाच उठू दे. इलारियोने पहिल्यावर खूण केली आणि दुसरा वाचायचा कंटाळा केला. मी टेबलाच्या पायाशी बिअर शिंपडली, वर रंगीत कागदाची माळ. हाक मारली, उठला! बिअरने का खुणेने ते तुम्ही ठरवा, उरलेली बिअर आम्ही प्यायलो.

पण आता तो कोणाच्याही चाहुलीने उठणार होता, हे आम्हाला कुठे माहीत. दिवसा मनोरा बंद असायचा, तो बडबडला तरी ऐकतो कोण.

जुलैत सांतियागोचा सण आला. भर दुपार, ऊन चांगलं तापलेलं, बँड जोरात. संताची मूर्ती घोड्यासकट पालखीत, आणि एका खांद्याला आमचा इलारियो, नवा कोट घालून, घामाने निथळत. चौकातले भोंगे रेडिओच्या केबिनला जोडलेले. पाद्रेंनी हात वर केला, बँड थांबला, सगळे गुडघ्यावर. तेवढ्यात तिकडे ऑफिसात दोन्या कासिल्दाने गाण्यांचे कागद काढायला प्रिंटर लावला. केबिनमधल्या कॉम्प्युटरच्याच वायरीवरचा प्रिंटर.

आणि भोंग्यातून इलारियो बोलला.

"सुप्रभात मित्रांनो! पाच वाजून दहा मिनिटं. केबिनमध्ये एकटाच बसलोय, बोटं वाकत नाहीत. फू फू." सुर्रकन घोट.

आख्खा चौक पालखीखालच्या इलारियोकडे बघायला लागला. तो संताकडे बघत होता. संताने काही मदत केली नाही.

पाद्रे जवळ आले. दातातल्या दातात म्हणाले, "केबिनमध्ये कोण आहे?"

"मीच, पाद्रेसितो."

"मग हा कोण?"

"हा पण मीच. तिकडचा नुसता आवाज, हा जरा जड आहे."

पाद्रेंच्या मिशा हलल्या, हसू की राग कळलं नाही. सण झाल्यावर बोलावून घेतलं. "वर्षानुवर्षं मला फसवलंस. उद्यापासून स्वतः केबिनमध्ये बसायचं, जिवंत. मी रोज पहाटे येऊन बघणार. नसलास तर माईक गेला."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याला शालीत, गोधडीत बांधून पाठवला. खोकत खोकत गेला. मी घरी रेडिओ कानाला लावला. पहिला निरोप नीट वाचला. दुसऱ्यात नवऱ्याचा निरोप मेंढ्याला दिला. तिसऱ्याच्या मधे थांबला. मग लांब, संथ, भरदार घोरणं. डोंगरातल्या सगळ्या वाड्यांनी ऐकलं.

मी धावत चर्चला गेले, म्हटलं आता संपलं सगळं. दारात दोन्या कासिल्दा आधीच हजर, जावयाला अंघोळ घालून आणलेलं. पाद्रे आतून आले, केस विस्कटलेले.

"बघितलंत?" दोन्या कासिल्दा म्हणाली.

"हो. इलारियो केबिनमध्ये होता. चांगलं ऐकलं मी."

"ऐकलंत? तुम्ही तर येऊन बघणार होतात."

पाद्रेंनी अंगरखा खाली ओढला. त्यांच्या अंगरख्याखालून झोपायची लोकरी विजार डोकावत होती. इलारियो केबिनच्या दारात गोधडी घेऊन उभा. त्याने विजारीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच शहाण्यासारखा गप्प राहिला.

पाद्रे घसा खाकरून म्हणाले, "माईक इलारियोकडेच राहील. कॉम्प्युटरला उठवायचं तर उठव, पण देवाच्या रेडिओवर खोटं चालणार नाही. वेळ सांगायची नाही. आणि मी इथे बसलोय, थंडी वाजतेय, हे बंद."

"मग सुरुवातीला काय म्हणू, पाद्रेसितो?"

"खरं असेल ते म्हण."

त्याने त्याच दिवशी तो दुसरा चौकोन वाचला आणि खूण केली. संध्याकाळी केबिनमध्ये बसला. दुसऱ्या पहाटे कोपऱ्यातल्या खाटेवरून फोनची टकटक ऐकू आली, पाठोपाठ रेडिओवर त्याचा आवाज, आणि मग शेवटपर्यंत रोज तेच.

"सुप्रभात मित्रांनो. मी झोपलोय. तुम्ही उठा."